पेणचे दामलेमामा: प्रकाशाने टिपलेला आवाज

पेण तालुक्याचे नाव निघाले की कोणालाही आधी गणपती आठवतो. हमरापूर, जोहे ही गावे मूर्तींच्या कारखान्यांसाठी ओळखली जातात. पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी हमरापूर स्टेशनावरून पुढे पेणला पोहोचते, आणि भाद्रपदाच्या आधीचे काही महिने हा सगळा पट्टा रंग, माती आणि प्लास्टरच्या कामात बुडालेला असतो. या तालुक्याने मराठी चित्रपटाला एक मोठा कलावंत दिला, ही गोष्ट त्यामानाने कमी सांगितली जाते. विष्णुपंत गोविंद दामले यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९२ रोजी पेणला झाला. हा मुलूख तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता. रायगड हे नाव जिल्ह्याला १९८१ मध्ये मिळाले.

चरित्रकोशांत दामल्यांच्या नावापुढे चार कामे लिहिलेली असतात: कलादिग्दर्शक, छायालेखक, ध्वनिमुद्रक, दिग्दर्शक. लोकांच्या आठवणीत मात्र त्यांपैकी एकच राहिले आहे. ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शक म्हणून, तेही ‘दामले-फत्तेलाल’ या जोडनावाने, लोक त्यांना ओळखतात. उरलेल्या तीन कामांचा धागा जोडायचा तर साधने विखुरलेली आहेत, आणि त्यांची आधी पारख करावी लागते.

सहकारी दिग्दर्शक व्ही. शांताराम यांच्याप्रमाणे दामल्यांनी आत्मचरित्र मागे ठेवलेले नाही. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ते गेले. त्यांच्याबद्दल जे छापलेले सापडते ते बहुतेक इतरांच्या पुस्तकांत. केशवराव भोळे आणि शांताराम आठवले यांनी साठच्या दशकात प्रभात फिल्म कंपनीतल्या आपल्या आठवणी पुस्तकरूपाने आणल्या. हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ १९७० चे. दुर्गा खोटे आणि व्ही. शांताराम यांची आत्मचरित्रे ऐंशीच्या दशकातली. बापू वाटव्यांनी प्रभातचा इतिहास लिहिला, तो जुन्या माणसांच्या सांगण्यावरून आणि उरलेल्या कागदांवरून. म्हणजे घटना घडल्यानंतर वीसपासून पन्नास वर्षांनी लिहिलेला हा सारा मजकूर आहे, आणि प्रत्येकाने आपापल्या खोलीतून प्रभात पाहिलेली आहे. संगीतकाराला पेटी आणि चाल आठवते, नटीला मेकअप आणि संवाद, दिग्दर्शकाला स्वतःचे निर्णय. ध्वनिमुद्रक यंत्राजवळ बसून काम करत होता, त्यामुळे या आठवणींच्या मध्यभागी तो क्वचितच येतो.

म्हणून दुसऱ्या प्रकारच्या साधनांना अधिक वजन द्यावे लागते: चित्रपटांच्या श्रेयनामावल्या, भागीदारांची नावे, प्रदर्शनाच्या तारखा, आणि मुख्य म्हणजे प्रत्यक्ष चित्रपट. त्यांत स्मरणाची चूक शिरत नाही. पण ती आपण होऊन बोलतही नाहीत, त्यांना प्रश्न विचारावे लागतात.

पहिला पक्का टप्पा कोल्हापूरचा आहे. आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू तिथे नाटकांचे पडदे रंगवत. दामले आणि शेख फत्तेलाल हे दोघेही त्यांच्याच हाताखाली तयार झाले. फत्तेलाल कागलचे, दामल्यांहून सहा वर्षांनी मोठे. पुढे प्रभातमध्ये दोघांनाही नात्यातली हाक मिळाली, एक दामलेमामा आणि दुसरे साहेबमामा. रंगभूमीचा पडदा रंगवणे हे त्या काळी नुसते चित्रकाराचे काम नव्हते. राजवाडा, जंगल, रस्ता, मंदिर हे सगळे दिव्यांच्या उजेडात शेवटच्या रांगेतून खरे वाटले पाहिजे. खोली कशी भासवायची आणि उजेडात कोणता रंग मरतो, हा धडा तिथे मिळत असे.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला आणि पेंटर बंधूंनी स्वतःचा कॅमेरा तयार करण्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव वारले, यंत्र अपुरे राहिले. बाबूरावांनी ते काम सोडले नाही. १९१८ च्या सुमारास चालू अवस्थेतला कॅमेरा उभा राहिला, आणि या जुळणीत त्यांचा साहाय्यक म्हणून दामल्यांचे नाव येते. दामल्यांच्या चरित्रातली ही बारीक नोंद माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. पडदे रंगवणारा पंचविशीतला माणूस दात्यांची चाके, झडप आणि भिंग यांच्या हिशेबात शिरला. फिल्म एका झटक्यात पुढे सरकली पाहिजे, क्षणभर स्थिर उभी राहिली पाहिजे, आणि त्या क्षणीच उजेड आत आला पाहिजे. हे गणित हाताने जुळवलेल्या माणसाला यंत्राचे भय उरत नाही. पुढची पंधरा वर्षे समजून घ्यायला ही नोंद उपयोगी पडते.

त्या कॅमेऱ्याच्या आधाराने महाराष्ट्र फिल्म कंपनी चालली. तिचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्यात लागला आणि बाबूरावांना लोकमान्य टिळकांकडून ‘सिनेमा केसरी’ ही पदवी मिळाली. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये कृत्रिम प्रकाशाचा वापर झाला. १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ आला. या दशकात दामले आणि फत्तेलाल नेपथ्य आणि छायालेखन या दोन्ही बाजूंना होते. १९२८ मध्ये दोघांच्या नावावर दिग्दर्शन म्हणून ‘महारथी कर्ण’ आहे. म्हणजे ‘संत तुकाराम’च्या आठ वर्षे आधीच ही जोडी दिग्दर्शनात उतरली होती.

१ जून १९२९ ला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. भागीदार पाच: व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम बंडू कुलकर्णी. कुलकर्णी सराफ होते, पैशाची बाजू त्यांची. बाकीचे चौघे महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेले. ही यादी कारागिरांची आहे, हे तिच्याकडे नीट पाहिले की ध्यानात येते. शांताराम दिग्दर्शनाला, धायबर कॅमेऱ्याला, फत्तेलाल कलाविभागाला. बाहेरून पगारी तज्ज्ञ आणण्यापेक्षा मालकांनीच एकेक खाते हातात घ्यायचे, अशी ही रचना होती. ‘गोपाळकृष्ण’पासून ‘चंद्रसेना’पर्यंत आणि त्यापुढेही काही, असे सहा मूकपट प्रभातने काढले. आणि मग मालकांपैकी कोणाच्याच हाती नसलेले एक खाते पुढ्यात आले.

१४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. अर्देशीर इराणींनी आवाजाचे काम विल्फर्ड डेमिंग या परदेशी तंत्रज्ञाकडून थोड्या दिवसांत समजून घेतले होते. कोल्हापूर मुंबईपासून दूर. तिथे आवाजाचे खाते दामल्यांनी उचलले. या शास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. त्या वेळी ते चाळिशीच्या जवळ आले होते. पडदे, नेपथ्य, कॅमेरा यांत वीस वर्षे घालवलेल्या माणसाने एकदम ध्वनी हाती घ्यावा, याचे सर्वांना नवल वाटते. आठवणींच्या पुस्तकांतून त्यांची जिद्द आणि शिस्त पुढे येते, ती खरीच असणार. पण या बदलामागे तंत्रातलेही एक कारण आहे, आणि ते त्या काळच्या फिल्मवरच दिसते.

बोलपटाच्या पहिल्या पिढीत आवाज फिल्मवर छापला जाई. मायक्रोफोनने उचललेल्या ध्वनीच्या लहरींनुसार एक उजेडाची फट कमीजास्त होते, त्या उजेडाने फिल्मच्या कडेला एक पट्टी उमटते. कुठे ती काळी, कुठे करडी, किंवा कुठे रुंद, कुठे अरुंद. प्रक्षेपकात त्या पट्टीतून पुन्हा प्रकाश जातो, त्याची घटबढ विजेत बदलते आणि ध्वनिवर्धकातून शब्द ऐकू येतो. म्हणजे आवाज हाही एक फोटोच होता. तो टिपायला फिल्म लागे, उजेडाचे माप लागे, आणि नंतर धुलाईच्या हौदात रसायनाची तीव्रता, पाण्याची उष्णता आणि वेळ सांभाळावी लागे. धुलाई जरा जास्त झाली तर चित्र फक्त गडद दिसते. आवाजाच्या पट्टीत तेच झाले तर शब्द चिरका होतो, ‘स’ आणि ‘श’ फुटतात.

हे पाहिले की दामल्यांच्या कामातली ती मोठी उडी दिसेनाशी होते. कॅमेरा जुळवलेला, फिल्मच्या धुलाईशी झगडलेला माणूसच या खात्याला सर्वांत जवळचा होता. कानाने गवई नसला तरी चालले असते. चाली बांधायला गोविंदराव टेंबे होते. यंत्रापुढे बसायला मात्र छायाचित्राचे रसायन जाणणारा हवा होता. दामल्यांनी व्यवसाय बदललाच नाही, असे म्हणायला ही जागा आहे. कॅमेऱ्यापुढे आधी चेहरा होता, आता तिथे गळा आला.

कामाच्या सवयी मात्र पार बदलल्या. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवत, वेग थोडा इकडेतिकडे झाला तरी खपून जाई. बोलपटात फिल्म सेकंदाला नेमक्या चोवीस फ्रेमच्या गतीने मोटरवर धावली पाहिजे, नाहीतर सूर ढळतो. प्रक्षेपकात चित्राची खिडकी आणि आवाज वाचण्याची जागा वेगवेगळ्या, म्हणून प्रिंटवर आवाज चित्राच्या सुमारे वीस फ्रेम पुढे छापावा लागतो. सेटवर हातोडा थांबला पाहिजे, कॅमेऱ्याची घरघर झाकली पाहिजे. पार्श्वगायनाची रीत अजून रुळलेली नव्हती. नट-नटी कॅमेऱ्यासमोरच गात, वादक चौकटीबाहेर बसत. नट तोंड वळवून बोलला की आवाज पडे. दिग्दर्शक चित्रासाठी नटाला हलवू पाहणार आणि ध्वनिमुद्रक मायक्रोफोनसाठी त्याला जागेवर ठेवू पाहणार, ही ओढाताण त्या काळच्या प्रत्येक स्टुडिओत होती.

१९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे, तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे. चित्रपट मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत काढला, म्हणजे प्रवेश दोनदा उभे राहिले आणि आवाज दोनदा टिपला गेला. पहिला मराठी बोलपट म्हणून त्याचा मान आहे. त्याच सुमारास बाबाजीराव राणे यांचा ‘संत तुकाराम’ही आला होता, त्यामुळे ‘पहिला’ हा शब्द वापरताना जरा जपून असावे. दुसरी गोष्ट अधिक ठाम आहे. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ‘अयोध्येचा राजा’ टिकला आहे, आणि टिकलेल्या भारतीय बोलपटांत तो सर्वांत जुना गणला जातो. म्हणजे भारतीय बोलपटाचा सर्वांत जुना ऐकता येणारा आवाज आज आपल्यापाशी आहे तो कोल्हापुरात, दामल्यांच्या खात्यात टिपलेला.

१९३३ मध्ये प्रभात पुण्याला आली. त्याच वर्षी रंगीत ‘सैरंध्री’चा प्रयत्न झाला, प्रती जर्मनीत छापून आणल्या, पण तो फसला. १९३४ चा ‘अमृतमंथन’ आणि १९३५ चा ‘धर्मात्मा’ शांतारामांचे. ‘धर्मात्मा’चे मूळ नाव ‘महात्मा’ होते, ते सेन्सॉरमुळे बदलावे लागले. या वर्षांत दामले पडद्यामागेच होते. मग १९३६ मध्ये दामले आणि फत्तेलाल ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शक म्हणून पुन्हा पुढे आले. कथा-पटकथा शिवराम वाशीकरांची, छायालेखन व्ही. अवधूत, संगीत केशवराव भोळे, गीते शांताराम आठवले. तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस, जे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत आले होते. तुकारामांची बायको आवली हिच्या भूमिकेत गौरी, जिने स्टुडिओत एक्स्ट्रा म्हणून सुरुवात केलेली.

हा चित्रपट दामल्यांच्या कारकिर्दीचा सर्वांत मोठा दस्तऐवज आहे, म्हणून तो जरा कान देऊन तपासला पाहिजे. सुरुवातीलाच एक युक्तिवाद आहे आणि तो पूर्णपणे आवाजातून मांडला आहे. तुकाराम डोळे मिटून अभंग गातो. मग तोच अभंग आपल्याला त्याचा प्रतिस्पर्धी सालोमालो याच्या तोंडी ऐकू येतो, नाटकी हेल आणि अलंकार चढवून, आणि तो स्वतःला कर्ता म्हणवतो. शब्द तेच असतात. खरा कोण आणि चोर कोण, हे एकही संवाद न बोलता गळ्याच्या पोतावरून कळते. हा प्रसंग कागदावर वाशीकरांनी लिहिला असेल, चाल भोळ्यांनी दिली असेल. पण दोन आवाजांतला हा फरक पडद्यावरून सामान्य प्रेक्षकाच्या कानी पोहोचायचा, तर तो टिपणाऱ्याला नेमका उमगलेला असला पाहिजे.

दुसरी खूण आवलीची. तुकारामाचा अभंग चालू असतो आणि आवली घरातल्या कामाच्या ओघात बडबडत असते, तिची भाषा रोखठोक आणि घरगुती. आजारी मुलासाठी ती वहाण घेऊन विठोबाच्या देवळात शिरते, तेव्हा तिचा स्वर रंगभूमीचा राहत नाही. त्या काळच्या बऱ्याच बोलपटांत संवाद थांबतो आणि गाणे सुरू होते. ‘संत तुकाराम’मध्ये गाणे कामाच्या मधूनच निघते: शेत राखताना, वाटेने चालताना, कीर्तनात. भोळ्यांच्या चाली साध्या ठेवलेल्या, टाळ-वीणेच्या आसपासच्या. पागनीसांचा आवाज त्यांच्याच देहातून येतो, कारण ते स्वतः गातात. गाणे आणि बोलणे एकाच जागेत घडते आहे असे वाटते ते यामुळे.

हे गाणे लोकांना किती खरे वाटले, याचा एक विलक्षण पुरावा चित्रपटाबाहेर मिळतो. ‘आधी बीज एकले’ हे पद आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिले. तरी ते तुकारामांचाच अभंग म्हणून लोकांनी पुढे अनेक वर्षे मानले. पागनीसांचा चेहराही तसाच घरोघरच्या तसबिरींत शिरला. म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही वाटांनी ही निर्मिती वारकरी स्मरणात मिसळून गेली. सतराव्या शतकातल्या संताचे छायाचित्र असणे शक्य नाही, पण विसाव्या शतकातल्या मराठी माणसाच्या मनातला तुकाराम बराचसा प्रभातच्या सेटवर टिपला गेला आहे.

मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात १२ डिसेंबर १९३६ ला लागलेला हा चित्रपट ५७ आठवडे चालला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या पाचव्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. मराठीत हे सांगताना ‘जगातल्या तीन उत्कृष्ट चित्रपटांपैकी एक’ असे म्हणण्याची प्रथा पडली आहे. इथे कागदाशी प्रामाणिक राहिलेले बरे. त्या वर्षी परदेशी चित्रपटासाठीचा मुख्य करंडक फ्रान्सच्या झ्युलियाँ द्युव्हिव्हिए यांच्या चित्रपटाला मिळाला होता. ‘संत तुकाराम’ला मिळाले ते गौरवपत्र. त्याने चित्रपटाची किंमत तिळभरही कमी होत नाही. मुसोलिनीच्या इटलीत, भाषा न कळणाऱ्या परीक्षकांनी देहूच्या कुणब्याची गोष्ट वेचून काढली, एवढे पुरेसे आहे. त्या गौरवपत्राचा प्रवासही प्रभातच्या कागदपत्रांच्या नशिबाला साजेसा आहे. १९७४ पासून ते हरवल्याचे धरले गेले होते. अखेर २००४ मध्ये ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटकडे परत आले.

यानंतर जोडीच्या नावावर ‘गोपाळकृष्ण’ (१९३८), ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) आणि राजा नेने यांच्यासह ‘संत सखू’ (१९४१) आहेत. ‘गोपाळकृष्ण’ अभ्यासाला विशेष सोयीचा, कारण याच विषयावर प्रभातने १९२९ मध्ये पहिला मूकपट काढला होता. नऊ वर्षांनी तोच विषय आवाजासह परत घेतला. राम मराठे बाळकृष्णाच्या भूमिकेत, शांता आपटे राधेच्या, संगीत मास्टर कृष्णरावांचे. मूकपटातला कृष्ण नुसता दिसत होता, इथे गोकुळ गाऊ लागले. ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये शाहू मोडक होते आणि ‘संत सखू’मध्ये हंसा वाडकर होत्या. १९४२ मध्ये शांताराम प्रभात सोडून गेले. धायबर त्याआधीच बाहेर पडले होते. ५ जुलै १९४५ रोजी पुण्यात दामल्यांचे निधन झाले. १९५३ मध्ये कंपनी बंद पडली. १९६० मध्ये त्याच जागेत चित्रपटाचे शिक्षण देणारी सरकारी संस्था सुरू झाली.

आता पुराव्याच्या मर्यादेचा प्रश्न. चित्रपटांचे हक्क आणि प्रती सांभाळण्याचे काम पुढे दामले कुटुंबाने केले, म्हणून आज हे ऐकायला मिळते. पण जानेवारी २००३ मध्ये पुण्यातल्या फिल्म संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातचे मूळ साहित्यही तिच्यात गेले. आज आपण ऐकतो ती प्रतीची प्रत. प्रत्येक नकलेत पट्टीवरचा बारीक फरक थोडा पुसतो आणि खरखर वाढते. म्हणून १९३२ किंवा १९३६ मधले ध्वनिमुद्रण किती स्वच्छ होते, यंत्र किती चांगले होते, याविषयी आजच्या प्रतीवरून निकाल देणे चुकीचे ठरेल. जुन्या प्रती ऐकून ‘त्या काळी आवाज असाच किरटा होता’ असे म्हणणारा माणूस दामल्यांवर नकलेचे दोष लादत असतो.

नकलेने न पुसले जाणारे काही निर्णय मात्र उरतात. कोणता आवाज जवळ घ्यायचा आणि कोणता लांब ठेवायचा. वाद्यांनी गळ्यावर चढायचे की मागे राहायचे. बायकोची कुरकुर आणि नवऱ्याचा अभंग एकाच वेळी ऐकवायचे की एकामागून एक. हे निर्णय कितीही प्रती काढल्या तरी तसेच राहतात, आणि त्यांच्यावरून माणूस ओळखता येतो. दिग्दर्शन जोडीचे होते, साहेबमामांच्या कलाविभागाने देहू उभे केले होते, तेव्हा ‘संत तुकाराम’चे सगळे श्रेय एकट्या दामल्यांना देता येत नाही. पण ज्या चित्रपटाचा सगळा युक्तिवाद खऱ्या आणि खोट्या गळ्यातल्या फरकावर उभा आहे, त्याचा एक दिग्दर्शक प्रभातच्या आवाजाचे खाते उभे करणारा माणूस असावा, याला योगायोग म्हणणे कठीण आहे. मराठी चित्रपटाच्या इतिहासात दामल्यांचे प्रकरण संतपटांच्या खाली लिहिले जाते. ते ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाचेही पहिले प्रकरण आहे, आणि तसे ते लिहिण्याइतका पुरावा पडद्यावर अजून शाबूत आहे.